जुन्या शेवरोले पिकअपवरचा एअर क्लीनर मूळचा आहे की नाही, हे कसे ठरवावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अमेरिकेत १९५१ सालचा शेवरोले ३१०० हा अर्ध्या टनाचा पिकअप विकत घेतला आहे. त्याच्या इंजिनावर काळ्या रंगाचा, गोल, ऑइल बाथ प्रकारचा (तेलाच्या वाटीत धूळ अडवणारा) एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा भाग आहे. त्यावर एसी या नावाचा स्वच्छ, ताजा दिसणारा डेकल, म्हणजे चिकटवायचा छापील शिक्का आहे आणि विकणाऱ्याने तो कारखान्यातून आलेला मूळचा भाग असल्याचे सांगितले आहे. मात्र कार्ब्युरेटरच्या गळ्यावर क्लीनर घट्ट बसावा म्हणून क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी गुंडाळलेली आपल्याला आढळली, आणि क्लीनरच्या खालच्या अंगाला बूच मारून बंद केलेले नळीचे एक टोकही आहे. हा क्लीनर मूळचा मानावा का, आणि नसल्यास योग्य कोणता, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

आपण पाठवलेल्या माहितीत डेकलला फारसे वजन नाही. खरे वजन रबराच्या त्या पट्टीला आहे. कारखान्यातून निघालेल्या ट्रकवर क्लीनरचा गळा आणि कार्ब्युरेटरचा गळा एकमेकांसाठी बेतलेले असत आणि क्लॅम्पचा स्क्रू आवळला की धातूवर धातू नीट बसत असे. मध्ये काही भरावे लागत असेल, तर या दोहोंपैकी एक भाग नंतर आलेला आहे, हे जवळपास नक्की. तो भाग क्लीनरच असेल असे मात्र लगेच धरू नये. कार्ब्युरेटर बदललेला असणे तितकेच शक्य आहे. म्हणून एअर क्लीनरची ओळख मी नेहमी खालून वर करतो: आधी गाडी, मग इंजिन, मग कार्ब्युरेटर आणि सर्वांत शेवटी क्लीनर. वरून सुरुवात करणारा माणूस रंग आणि डेकल पाहतो आणि याच दोन गोष्टी आज सर्वांत सहज नव्याने करून मिळतात.

मूळचा असण्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की खरेदी-विक्रीत गैरसमज होतात. कारखान्यात याच ट्रकवर बसवलेला आणि आजवर न बदललेला क्लीनर ही पहिली पायरी. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रकवरून काढलेला, म्हणजे सर्व दृष्टींनी जुळणारा क्लीनर ही दुसरी. त्याच उत्पादकाने पुढे सुटा भाग म्हणून विकलेला क्लीनर ही तिसरी, आणि अलीकडे बनवलेली प्रतिकृती ही चौथी. पहिली पायरी कागदोपत्री सिद्ध करणे या काळातल्या शेवरोले ट्रकबाबत जवळजवळ अशक्य आहे. कोणत्या ट्रकवर कोणते पर्यायी भाग बसवले होते, हे सांगणारा कागद हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात चिकटवण्याची पद्धत जनरल मोटर्सच्या पिकअपवर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसते; १९५१ च्या ट्रकवर तसे काही नसते. त्यामुळे प्रामाणिक विक्रेता पहिल्या पायरीचा दावा करायचा झाला तर गाडीचा अखंड इतिहास, जुनी छायाचित्रे आणि पहिल्या मालकाच्या कुटुंबाची माहिती पुढे ठेवतो. तसे काही नसेल, तर आपण दुसऱ्या पायरीपर्यंतच पोहोचू शकतो, आणि जीर्णोद्धारासाठी तेवढे पुरेसे आहे.

आता त्या काळी कोणकोणते क्लीनर होते ते पाहू. शेवरोलेच्या ज्या मालिकेला अ‍ॅडव्हान्स डिझाइन म्हणतात, ती १९४७ च्या मध्यास आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. तिच्या हलक्या ट्रकांवर साधा प्रकार म्हणजे तेलाने ओली केलेली धातूची जाळी असलेला क्लीनर. हा आकाराने लहान असतो, त्यात तेल साठवण्याची वाटी नसते; जाळी धुऊन, तेलात बुडवून, निथळून परत बसवायची असते. ऑइल बाथ हा जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता. कच्च्या रस्त्यांच्या आणि शेतीच्या भागात तो साहजिकच जास्त घेतला जाई, आणि विक्रेत्याच्या गॅरेजमध्ये नंतरही बसवून मिळे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: पुष्कळ लोक मोठा ऑइल बाथ दिसला की तो अस्सल आणि छोटा जाळीचा दिसला की तो कोणीतरी नंतर लावलेला स्वस्त भाग, असे मानतात. वस्तुस्थिती उलटही असू शकते. जाळीचा साधा क्लीनर असलेला १९५१ चा ट्रक पूर्णपणे योग्य असतो, आणि तो काढून ऑइल बाथ बसवला तर कदाचित आपण अस्सल भाग काढून टाकलेला असतो. तिसरा प्रकार म्हणजे कागदी घडीचा सुका फिल्टर. तो अमेरिकी गाड्यांवर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला, म्हणून १९५१ च्या ट्रकवर कागदी फिल्टरचे मूळ घर असण्याचा प्रश्नच येत नाही.

ऑइल बाथचे काम कसे चालते हे समजले, की त्याचे भाग ओळखणे सोपे जाते. हवा झाकणाच्या कडेखालच्या वर्तुळाकार फटीतून आत येते, भिंतीलगत खाली उतरते आणि वाटीतल्या तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलटी वळून वर जाते. हवा वळते, पण तिच्यातले जड कण आपल्या वेगाने सरळ जाऊन तेलात रुततात. हवेबरोबर उडालेले तेलाचे बारीक थेंब वरच्या जाळीला चिकटतात, उरलेली धूळ तिथे अडकते, आणि तेल पुन्हा वाटीत ओघळताना ती धूळ खाली घेऊन येते. म्हणून खऱ्या ऑइल बाथमध्ये वाटी, तेलाच्या पातळीची दाबून उठवलेली खूण, हवेला वळवणारी आतली भिंत आणि जाळी हे चारही घटक जागेवर असले पाहिजेत. बाहेरून जुने दिसणारे अनेक क्लीनर आतून रिकामे करून त्यांत कागदी फिल्टर बसवलेला असतो. गाडी रोज चालवणाऱ्याने असे करण्यात काही गैर नाही. मात्र झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय त्याला मूळचा म्हणू नये. अशा बदलात आतल्या भिंतीची कापलेली कड, नव्याने वेल्ड केलेली कडी किंवा वाटीच्या तळावर बसवलेली सपाट चकती हमखास सापडते.

आता आपल्या ट्रककडे वळू. चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर क्रमांकाची पट्टी असते. १९५१ च्या अर्ध्या टनाच्या शेवरोलेवर कारखान्याच्या अंकांनंतर जे आणि पी ही रोमन अक्षरे येतात: जे हे वर्षाचे आणि पी हे ३१०० मालिकेचे. १९५० ला त्याच जागी एच आणि १९५२ ला के असते. त्यापुढचे अक्षर महिना सांगते. ए म्हणजे जानेवारी. ही पट्टी ट्रकचे वय सांगते, इंजिनाचे नव्हे, म्हणून पुढची पायरी इंजिनाची.

१९५१ च्या या ट्रकवर २१६ घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन येत असे. २३५ घनइंचांचे इंजिन तेव्हा जड ट्रकांवर होते आणि अर्ध्या टनाच्या पिकअपवर ते १९५४ मध्ये आले. दरम्यानच्या काळात असंख्य मालकांनी जुने २१६ काढून नंतरचे २३५ बसवले, कारण १९५४ पासूनच्या २३५ मध्ये बेअरिंगांना दाबाने तेल पोहोचते आणि महामार्गावर ते अधिक निर्धास्त चालते. ओळखण्याची झटपट रीत रॉकर कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या झाकणाची आहे: २१६ वर ते वरून मधल्या रेषेतल्या दोन स्टडांनी धरलेले असते, तर १९५४ पासूनच्या २३५ वर कडेच्या स्क्रूंनी. त्यानंतर ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक आणि तारीख पाहावी. तारखेत पहिले अक्षर महिन्याचे, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अंक. सी १४ १ असे असेल तर १४ मार्च आणि एकवर संपणारे वर्ष. ते १९४१ की १९५१, हे ओतीव क्रमांकावरून सुटते. एअर क्लीनरवर अशी ओतीव तारीख कधीच नसते, कारण तो ओतीव भाग नसून दाबलेल्या पत्र्याचा आहे. म्हणूनच इंजिन आणि कार्ब्युरेटर यांचा आधार घेतल्यावाचून क्लीनरचा काळ ठरवता येत नाही.

कार्ब्युरेटरच्या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ देतो, आणि आपणही द्यावा. अ‍ॅडव्हान्स डिझाइनच्या पहिल्या वर्षांत कार्टर डब्ल्यू-१ हा कार्ब्युरेटर येत असे. १९५० पासून रॉचेस्टरचा बी हा एका नळीचा कार्ब्युरेटर आला. आपला ट्रक १९५१ चा असल्याने त्यावर रॉचेस्टर बी असायला हवा. अंगावरचे नाव वाचावे आणि वरच्या झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली क्रमांकाचा छोटा पत्र्याचा बिल्ला शिल्लक आहे का ते पाहावे. पुष्कळदा तो दुरुस्तीच्या वेळी हरवलेला असतो. रॉचेस्टर बीची एक प्रसिद्ध खोड अशी, की उष्णतेने आणि असमान आवळण्याने त्याचे वरचे झाकण वाकते, पेट्रोल झिरपू लागते, आणि कंटाळलेला मालक दुसऱ्याच कोणत्या तरी प्रकारचा कार्ब्युरेटर आणून बसवतो. नंतरच्या वर्षांचे कार्टर, सार्वत्रिक वापराचे झेनिथ, हल्ली मिळणाऱ्या नव्या नकला, असे सर्व काही या इंजिनावर पाहायला मिळते. त्यांच्या गळ्यांचे बाहेरचे व्यास एकसारखे नसतात.

म्हणून क्लीनर उतरवून व्हर्निअर मापकाने दोन मापे घ्यावीत: कार्ब्युरेटरच्या गळ्याचा बाहेरचा व्यास आणि क्लीनरच्या गळ्याचा आतला व्यास, क्लॅम्प पूर्ण सैल असताना. दोन्ही मापे एकाच जागी न घेता काटकोनात दोनदा घ्यावीत, कारण वर्षानुवर्षे आवळून जुना पत्रा अंडाकृती झालेला असतो. मग ज्या कार्ब्युरेटरबद्दल खात्री आहे, अशा एखाद्या रॉचेस्टर बीशी ती ताडून पाहावीत. जुन्या ट्रकांच्या मालकांपैकी कोणीही पाच मिनिटांत हे माप देऊ शकतो. आपला कार्ब्युरेटर रॉचेस्टर बी निघाला आणि क्लीनरचा गळाच मोठा असला, तर क्लीनर दुसऱ्या गाडीचा आहे. कार्ब्युरेटरच बदललेला आणि त्याचा गळा लहान असला, तर क्लीनर निर्दोष सुटू शकतो, आणि तेव्हा शोध योग्य कार्ब्युरेटरचा घ्यावा लागेल.

गळ्यावरच्या खुणाही वाचाव्यात. दीर्घकाळ एकाच जागी आवळलेला क्लॅम्प कार्ब्युरेटरच्या धातूवर एक पुसट पण अखंड कडी उमटवतो. तिच्या रुंदीशी क्लीनरच्या गळ्याची रुंदी जुळली पाहिजे. दोन वेगळ्या उंचींवर दोन कड्या दिसल्या, तर दोन वेगळे क्लीनर येऊन गेले आहेत. बॉनेटच्या आतल्या बाजूला घासल्याची खूण असल्यास तिची उंची आणि जागाही तपासावी. जड ऑइल बाथला आधाराची पट्टी लागते, आणि ती पट्टी इंजिनाच्या जवळच्या बोल्टापर्यंत वाकवल्याशिवाय, कापल्याशिवाय, नवे भोक न पाडता पोहोचली पाहिजे. पट्टी मोकळी लोंबत असेल किंवा तिला हाताने वाकवून कुठेतरी अडकवले असेल, तर क्लीनर या इंजिनासाठी बनलेला नाही.

आता ते बंद केलेले नळीचे टोक. १९५१ च्या साध्या २१६ इंजिनात क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतली वाफ आणि धूर खाली रस्त्याकडे उघडणाऱ्या नळीतून बाहेर जात असे. एअर क्लीनरशी त्याचा संबंध नव्हता. क्लीनरला जोडणारी वायुवीजनाची नळी त्या काळी प्रामुख्याने लष्करी वाहनांवर आणि काही जड कामाच्या ट्रकांवर दिसते. सामान्य गाड्यांत क्रँककेसचा धूर पुन्हा इंजिनात घेण्याची पद्धत कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून आणि देशभर १९६३ च्या मॉडेलांपासून आली, आणि त्यानंतर काही वर्षांत ती पूर्ण बंदिस्त झाल्यावर एअर क्लीनरला जोडणारी नळी सर्वसाधारण झाली. म्हणजे हे टोक मूळचेच असेल, कोणी मागाहून ब्रेझिंग करून (पितळाने जोडून) लावलेले नसेल, तर आपला क्लीनर बहुधा १९६० च्या दशकातल्या किंवा एखाद्या जड ट्रकच्या इंजिनावरचा आहे. टोक मूळचे आहे का हे आतून पाहावे: कारखान्याचे भोक पत्रा दाबून गोल व स्वच्छ पाडलेले असते आणि जोडाभोवतीचा रंग सलग असतो, गॅरेजमधले भोक ड्रिलने पाडलेले, कड खरवडलेले आणि जोडाभोवती पितळाचा ओघळ असलेले असते. याच धर्तीवर, क्लीनरला पुढे आलेली सोंड असून तिच्यावर व्हॅक्यूमने चालणारी झडप आणि एक्झॉस्टकडून गरम हवा घेणारे तोंड असेल, तर तो १९६० च्या दशकाच्या अखेरीचा किंवा नंतरचा, हे न मोजताही सांगता येते.

क्लीनरच्या स्वतःच्या अंगाकडे आता यावे. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर एसी हे नाव येणे स्वाभाविक आहे, कारण एसी स्पार्क प्लग हा मिशिगनमधल्या फ्लिंटचा जनरल मोटर्सचाच विभाग होता. परंतु त्याच विभागाने कार, ट्रक, बस अशा सर्वांसाठी क्लीनर बनवले, त्यामुळे एसी हे नाव उत्पादक सांगते, गाडी सांगत नाही. त्याच २१६ इंजिनाच्या आणि त्याच रॉचेस्टर कार्ब्युरेटरच्या शेवरोले कारही तेव्हा रस्त्यावर होत्या, आणि कारवरचा क्लीनर पिकअपवर सहज चढतो. भागाचा क्रमांक दाबून उठवलेला असेल तर तो वाचून त्या वर्षाच्या भागांच्या छापील सूचीशी ताडावा. तिरपा प्रकाश टाकला की रंगाच्या थरांखालचा ठसाही उमटून दिसतो. क्रमांक केवळ डेकलवर असेल, तर तो पुरावा नव्हे.

जुना पत्रा हातातही वेगळा लागतो. वाटी एकाच पत्र्यातून खोल दाबून काढलेली असते, कड गुंडाळून दुमडलेली असते, आणि स्पॉट वेल्डचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. विंग नट आणि स्क्रू इंची आट्यांचे असतात. मेट्रिक आटे आढळल्यास तो भाग किंवा निदान तो नट अलीकडचा आहे. जाळी चुरगळलेल्या, विणलेल्या तारेची असते आणि तिच्या आतल्या थरांत जुना, कडक झालेला तेलाचा कीट असतो. वाटीच्या तळाशी भाजल्यासारखा तपकिरी लेप असणे हे चांगले लक्षण आहे, कारण तो थर लवकर तयार होत नाही. नव्या प्रतिकृतीत पत्रा बहुधा पातळ, कडा फार धारदार आणि आतला रंग बाहेरच्याइतकाच चकचकीत असतो. कारखान्याचा काळा रंग भट्टीत भाजलेला इनॅमल होता. खरवडून पाहिल्यास त्याखाली थेट पत्रा किंवा पातळ प्राइमर येतो. काळ्याखाली निळा, हिरवा किंवा नारिंगी थर निघाला, तर तो क्लीनर दुसऱ्या उत्पादकाच्या इंजिनावरून आलेला असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. असे खरवडणे वाटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी आणि नखाएवढ्या जागेतच करावे.

डेकलबद्दल एवढेच सांगतो. त्यावर तेलाची जाडी आणि सफाईची सूचना असते, आणि शेवरोलेच्या सूचना त्या काळी साधारण अशा असत: तापमान गोठणबिंदूच्या वर असताना एसएई ५० आणि सतत त्याखाली असताना एसएई २०. मजकूर बरोबर असला म्हणजे क्लीनर बरोबर, असे होत नाही. जुना डेकल पाण्याने सोडवून चिकटवण्याचा असे आणि पन्नास-साठ वर्षांत त्याला बारीक तडे जातात, कडा पिवळसर होतात. प्लास्टिकसारखा लवचिक, कड नखाने उचलता येणारा डेकल आजचा असतो. तो लावण्यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. जीर्णोद्धार केलेल्या गाडीवर तो शोभतो. फक्त त्याला साक्षीदार करू नये.

हा क्लीनर शेवरोलेचा नसेल तर कुणाचा, असाही प्रश्न पुढे येईल. जनरल मोटर्सच्याच जीएमसी या दुसऱ्या नावाचे पिकअप बाहेरून शेवरोलेची जुळी भावंडे दिसत असले, तरी अमेरिकेत त्यांवर जीएमसीची स्वतःची २२८ घनइंचांची इंजिने येत, म्हणून त्यांचे क्लीनर शेवरोलेसाठी गृहीत धरू नयेत. कॅनडात मात्र जीएमसीच्या हलक्या ट्रकांवर शेवरोलेची इंजिने बसत, म्हणून कॅनडातून आलेला जीएमसीचा क्लीनर आपल्या ट्रकला तंतोतंत जुळू शकतो.

फोर्डची ओळख क्रमांकांमुळे सोपी आहे. फोर्डच्या पद्धतीत एअर क्लीनरचा मूळ क्रमांक ९६०० असतो. त्याआधी गाडी व काळ सांगणारी अक्षरे आणि त्यानंतर बदल सांगणारे अक्षर येते. १९४८ ते १९५२ च्या एफ-१ पिकअपवरच्या फ्लॅटहेड (झडपा ब्लॉकमध्येच असलेल्या) व्ही-८ ट्रक इंजिनाला ८आरटी म्हणतात आणि त्याच घराण्याच्या कारच्या इंजिनाला ८बीए. १९६० च्या दशकातल्या भागांवर सी हे अक्षर दशकाचे, पुढचा अंक वर्षाचा, टी ट्रकचे आणि ई इंजिन विभागाचे. सी५टीई-९६०० असे दिसले तर १९६५ साठी आखलेला ट्रकचा एअर क्लीनर. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. ते वर्ष आखणीचे असते, बनवण्याचे नव्हे, आणि तोच भाग पुढे काही वर्षे वापरात राहू शकतो. शिवाय खोक्यावर आणि सूचीत ई च्या जागी झेड असतो, कारण तो सुट्या भागांच्या विक्रीचा क्रमांक. दोन्ही क्रमांक जुळत नाहीत म्हणून भाग खोटा ठरवू नये.

डॉज आणि फार्गो यांची फ्लॅटहेड सहा सिलिंडरची इंजिने दोन लांबींच्या ब्लॉकांत येत: अमेरिकेत डॉज व प्लिमथसाठी सुमारे २३ इंच, आणि कॅनडात तसेच मोठ्या क्रायस्लर व डिसोटो गाड्यांसाठी सुमारे २५ इंच. ऑइल बाथच्या आधाराची पट्टी अनेकदा हेडच्या बोल्टांना जात असल्याने या लांबीचा परिणाम क्लीनरच्या बसण्यावर होतो. जीपचा क्लीनर कार्ब्युरेटरवर नसून बाजूला बसवलेला आणि नळीने जोडलेला असतो. त्याला वर गळ्याचा क्लॅम्प नसून बाजूला नळीचे तोंड असते. ट्रॅक्टरचा तर उभा, लांबट, खाली सुटी वाटी असलेला असतो, आणि अमेरिकेतल्या शेतांवर राहिलेल्या ट्रकांवर तो सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी कुणाकडे असा ट्रक असल्यास थोडे निराळे पाहावे लागते. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ ते १९५४ या काळात गाड्यांची जुळणी केली, आणि कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व फार्गोचे ट्रक तयार होऊ लागले. पुढे आयातीवर निर्बंध आल्यावर आपल्या मिस्त्रींनी जे मिळेल त्यावर गाड्या चालत्या ठेवल्या; शेवरोलेवर फार्गोचा, फार्गोवर जीपचा क्लीनर बसवला आणि पट्टी वाकवून, गळा कापून तो चोख चालवला. या दुरुस्त्या त्या गाडीच्या इतिहासाचा भाग आहेत. त्या काढून टाकण्याआधी त्यांची छायाचित्रे आणि मापे जपून ठेवावीत, असा माझा आग्रह असतो.

तपासणी पूर्ण होईपर्यंत क्लीनर साफ करू नये. खुणा कीटाबरोबर निघून जातात. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मग रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवावे. सँड ब्लास्टिंग किंवा काचेच्या बारीक मण्यांनी सफाई करायला अखंड क्लीनर कधीही देऊ नये, कारण वाळूचे आणि काचेचे कण जाळीत दडून बसतात, पुढे एकेक सुटून थेट सिलिंडरमध्ये जातात आणि रिंगा व बोअर खाऊन टाकतात. ज्या जोडांत कथील वापरले आहे, ते पावडर कोटिंगच्या भट्टीत सुटतात, म्हणून जोड तपासल्याखेरीज तोही मार्ग घेऊ नये. धुतल्यावर तेल खुणेपर्यंतच भरावे. हलक्या ट्रकच्या ऑइल बाथला साधारण एक अमेरिकन पाइंट, म्हणजे सुमारे ४७३ मिलिलिटर लागते. जास्त भरले तर हवा ते तेल इंजिनात ओढून नेते आणि धूर दिसतो, कमी भरले तर धूळ अडत नाही.

आपण सांगितलेल्या तीन खुणा एकत्र पाहता माझे मत असे: रबराची पट्टी आणि बंद केलेली नळी दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि डेकल त्याविरुद्ध काहीच सिद्ध करत नाही. कार्ब्युरेटर रॉचेस्टर बी आहे आणि नळीचे टोक कारखान्यातलेच आहे, असे दोन्ही ठरले, तर हा क्लीनर १९५१ च्या ३१०० चा नाही, असे निःशंकपणे समजावे. अशा वेळी योग्य पर्याय दोन आहेत: त्या काळचा एसीचा साधा जाळीचा क्लीनर, किंवा त्याच इंजिनाचा, नळी नसलेला ऑइल बाथ. ट्रकच्या पूर्वेतिहासात ऑइल बाथचा काही पुरावा नसेल, तर मी जाळीचा घेईन. तो हलका आहे, कार्ब्युरेटरच्या नाजूक झाकणावर त्याचा भार पडत नाही आणि कारखान्याच्या साध्या ट्रकवर तोच येत असे. विकणाऱ्याशी बोलताना मापे आणि छायाचित्रे पुढे ठेवावीत. त्याने स्वतःही तो डेकलवरूनच मूळचा मानला असण्याची शक्यता आहे.

तोवर सध्याचा क्लीनर त्या रबरी पट्टीसह वापरून ट्रक चालवू नये. पेट्रोलच्या वाफेने रबर मऊ पडते, जड वाटी हिंदकळत राहते, आणि गळ्याभोवती पडलेल्या फटीतून गाळलेली नसलेली हवा सरळ इंजिनात जाते. इंजिन चालू करून पाहायचेच असेल, तर कार्ब्युरेटरच्या गळ्याला नीट बसणारा कोणताही छोटा जाळीचा क्लीनर तात्पुरता लावावा, आणि उतरवलेला क्लीनर त्याची मापे लिहिलेल्या चिठ्ठीसह बाजूला ठेवावा. ज्याच्या ट्रकचा तो खरोखर आहे, असा कोणीतरी तो शोधत असण्याची शक्यता पुष्कळ आहे.